अहिराणी गाणं करणाऱ्यांचा लाइव्ह अल्बम काढा, आणि त्यावर त्यांची नावं टाका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अहिराणी गाण्यांवर अख्खं पान आलं होतं, कोणत्या गाण्याला किती व्ह्यूज, कोणतं गाणं लागलं की हळदीत म्हातारेकोतारे पण उठून नाचतात वगैरे. वाचून बरं वाटलं. आपल्या बोलीतली गाणी कोटीत बघितली जातात ही लहान गोष्ट नाही आणि ज्यांनी स्वतःचे पैसे लावून ती वर नेली त्यांचं कौतुक झालंच पाहिजे. पण पूर्ण पान दोनदा वाचलं तरी ही गाणी केली कोणी ते काही सापडलं नाही, म्हणजे शब्द कोणाचे आणि चाल कोणाची. नाचणाऱ्यांची नावं होती, चॅनलची होती, व्ह्यूजचे आकडे तर होतेच. गाणं करणारा माणूस मात्र कुठंच नव्हता. म्हणून हे पत्र लिहितोय, लांबलं तर कापा, पण नावाचा मुद्दा तेवढा राहू द्या.

मी पारोळा तालुक्यातला, साउंडचं काम करतो. लग्न, हळद, भागवत सप्ताह, जत्रा, निवडणुकीच्या सभा, कानबाई देवीचा उत्सव, सगळीकडे आमचाच माइक असतो. त्यामुळे गाणारे लोक मला समोरून कमी आणि मिक्सरच्या मागून जास्त दिसतात, आणि तिथून बरंच काही कळतं, कोण ट्रॅकवर ओठ हलवतोय आणि कोणाच्या गळ्यात खरंच गाणं आहे ते. गेल्या काही वर्षांत एक गोष्ट मला सारखी दिसतेय की स्वतःच लिहिलेलं, स्वतःच चाल लावलेलं गाणं म्हणणारी पोरं-पोरी आपल्याकडे खूप झालीत. चोपड्याकडचा एक गवंडीकाम करणारा पोरगा आहे, त्याचं केळीवरच्या सीएमव्ही रोगाचं गाणं आहे, पूर्ण बाग उपटून बांधावर फेकली त्या दिवसाचं. एक एसटीचा कंडक्टर आहे, त्याचं गाणं तापीच्या पाडळसे धरणावर आहे, पंधरा कडवी आहेत आणि प्रत्येक कडव्यात एक निवडणूक येते. नवापूरकडचा एक जण दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत बारडोलीच्या बाजूला जातो, त्याची मावची बोलीतली गाणी ऐकाल तर अंगावर काटा येईल, शब्द अर्धे समजत नाहीत तरी. यातलं एकही गाणं तुम्हाला बाजारात मिळणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की अशा दहा-बारा जणांना एका जागी बोलवा, समोर गावची माणसं बसवा, आणि ते जसं म्हणतात तसं रेकॉर्ड करून त्याचा एक अल्बम काढा. स्टुडिओत नेऊ नका. दरवर्षी एक निघाला तरी चालेल. आणि प्रत्येक गाण्यासोबत शब्द कोणाचे, चाल कोणाची, गाव कोणतं, हे छापा.

स्टुडिओत का नको ते सांगतो, कारण लोक पहिल्यांदा हेच विचारतात.

अमळनेरच्या बाजूची एक पोरगी आहे, नर्सिंगला शिकते. तिचं नाव मी इथं टाकत नाही, ते छापायचं की नाही हे तिनं ठरवायचं, मी परस्पर कसं टाकू. श्रावणात एका गावात कानबाईला माझा साउंड होता. नागपंचमीनंतरचा रविवार, घरोघरी रोट झालेले, चौकात मंडप आणि बायांचा जागर सुरू. मध्यरात्र उलटली तशी देवीची गाणी म्हणून म्हणून म्हाताऱ्या बायांचे गळे बसले, तेव्हा कोणीतरी तिला पुढे ढकललं, तू म्हन वं तुन्हं. तिनं माइक तोंडापासून हातभर लांब धरलेला, मी तिकडून खुणा करतोय की जवळ घे, तिचं लक्षच नाही. डफ नाही, ढोलकी नाही. शेजारच्या बाईनं स्टीलच्या ताटलीवर चमच्यानं ठेका धरला आणि तिनं सुरू केलं,

कापूस येची येची मन्ही मायनं बोट फाटनं,
काटावर कापूस चढना, तिना घाम कोन तोली?

पहिल्यांदा बाया नुसत्या ऐकत होत्या. दुसऱ्यांदा धुरपद आलं तेव्हा मागून चार-पाच आवाज उठले, तिसऱ्यांदा पूर्ण मंडप. पाच मिनिटं आधी ज्या गाण्याची चाल कोणाला माहीत नव्हती ते बाया माहेरून शिकून आल्यासारखं झेलत होत्या. घाम या शब्दावर ती आवाज जरा खाली सोडते, पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधली कुठली तरी जागा आहे ती, आणि लगेच वर घेत नाही, तिथंच थांबते, समोरच्या बाया तोपर्यंत श्वास रोखून असतात. गंमत म्हणजे बायांनी पण नेमकी तीच जागा उचलली, कोणी शिकवलेलं नसताना. माझा छोटा रेकॉर्डर मिक्सरला लावलेला असतो म्हणून हे सगळं माझ्याकडे आहे. ताटली आहे, बाया आहेत, मधेच रडणारं एक पोर पण आहे.

नंतर हेच गाणं एका चॅनलवाल्यानं तिच्याकडून घेतलं. नाव नाही घेत. थोडे पैसे हातावर ठेवले, कागद काही केला नाही. स्टुडिओत नेलं, कीबोर्डवर आधीच तयार असलेला लूप, म्हणजे तोच तो फिरत राहणारा ठेका, लावला, तोच जो अजून पन्नास गाण्यांना आहे, आणि कानात क्लिक, म्हणजे मशीनचा एकसारखा ठोका, देऊन म्हणाले याच्यावर म्हण. आता क्लिकवर म्हणायचं तर घामावर थांबता येत नाही, ठेका पुढे निघून जातो. ती थांबायची, ते परत घ्यायचे, शेवटी तिनं थांबणं सोडून दिलं. मग ऑटोट्यून लावून ती मधली जागा सरळ जवळच्या पट्टीवर नेऊन बसवली. पंधरा कडव्यांचं असो की पाच, व्हिडिओ साडेतीन मिनिटांचा पाहिजे म्हणून मुकादमावरचं कडवं काढलं, माझ्या मते तेच सगळ्यात भारी होतं. व्हिडिओत दुसरीच मुलगी नाचतेय, कापसाच्या शेतात, चमकीच्या घागऱ्यात. खाली डिस्क्रिप्शनमधे कॅमेरामनपासून मेकअपवाल्यापर्यंत सगळे आहेत, गीत-संगीतासमोर चॅनलचं नाव. आणि पुढे ऐका, तिनं स्वतःचं स्वतः म्हटलेलं गाणं, मोबाइलवर घरात शूट केलेलं, स्वतःच्या अकाउंटवर टाकलं तर तिलाच कॉपीराइट क्लेम आला. तिनं मला फोन केला, दादा हाई गानं मन्हं शे ना, मंग असं कसं. मला खरंच बोलायला सुचलं नाही.

डीजेच्या किंवा व्हिडिओच्या मी विरोधात आहे असं कोणी समजू नका. नाचायचं गाणं पण लागतं, लग्नात लोकांनी नाचू नये तर काय करावं. पण सगळंच गाणं नाचायचं नसतं, आणि आज आपल्याकडे नवीन गाण्याला बाहेर पडायचा रस्ता एकच आहे, लूप लावा आणि नाचवा. ज्याचं गाणं त्यात बसत नाही तो एक तर ते मोडून बसवतो नाहीतर घरीच ठेवतो. दुसरा रस्ता पाहिजे.

हा दुसरा रस्ता इतरांनी करून दाखवलाय. माझा भाचा पुण्याला असतो, त्यानं मला अमेरिकेतल्या एका गोष्टीचं सांगितलं आणि मग मी त्याचं बरंच वाचून काढलं. न्यूयॉर्कला ग्रीनिच व्हिलेज म्हणून भाग आहे, तिथं गिटार घेऊन स्वतःची गाणी म्हणणारे पुष्कळ लोक होते आणि मोठ्या कंपन्या त्यांना विचारत नव्हत्या. तर १९८२ साली जॅक हार्डी नावाच्या एका गाणाऱ्यानं आणि त्याच्या मित्रांनी मिळून एक मासिक काढलं, पुढे त्याचं नाव फास्ट फोक पडलं. मासिकासोबत प्रत्येक वेळी एक रेकॉर्ड, म्हणजे तेव्हाची एलपी, आणि त्या एलपीवर दहा-बारा वेगवेगळ्या नव्या लोकांची एकेक गाणी. झटपट रेकॉर्ड करायचं, फार सजवायचं नाही, गाणं ताजं आहे तोवर लोकांपर्यंत पोचवायचं असं त्यांचं काम. वर्षातून एकदा बॉटम लाइन नावाच्या तिथल्या क्लबात हे सगळे एकत्र गायचे आणि तो कार्यक्रम लाइव्ह रेकॉर्ड करून त्याचेच अल्बम काढायचे. सुझान व्हेगा, ट्रेसी चॅपमन ही नावं पुढे जगभर झाली, त्या दोघी नवख्या असताना यांच्या रेकॉर्डवर होत्या. पंधरा वर्षं हे चाललं, १९९७ पर्यंत, शंभराच्या वर अल्बम निघाले. आणि बंद पडल्यावर सगळा माल भंगारात नाही गेला, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेनं तो जपून ठेवलाय, आजही मागवून ऐकता येतो.

मला यात काय आवडलं सांगू का, ते कोणी एक स्टार शोधत बसले नाहीत. दहा जणांना एकत्र ठेवलं. त्यातले आठ पुढे कुठं गेले कोणाला माहीत नाही, कोणी मास्तर झाला असेल, कोणी दुकान टाकलं असेल, पण त्यांचं गाणं नावासकट तिथं आहे. एकट्याचा अल्बम काढायचा तर माणूस घाबरतो, पैसा लागतो, घरचे म्हणतात हे काय खूळ. एकेक गाणं घेऊन दहा जण आले तर कोणावरच बोजा नाही, आणि एकाला ऐकायला आलेला माणूस बाकीच्या नऊ जणांना पण ऐकून जातो. रिअॅलिटी शोसारखं कोणाला हरवायचं पण नाही.

आपल्या महाराष्ट्रातच बघायचं तर जात्यावरच्या ओव्यांचं काम आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आणि त्यांच्यासोबतच्या गावोगावच्या बायांनी मिळून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या, बऱ्याच रेकॉर्ड पण केल्या, आता पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) वेबसाइटवर त्या ऐकायला मिळतात. तिथं प्रत्येक ओवीसोबत म्हणणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. ओवी पिढ्यान्‌पिढ्यांची, तरी म्हणणारीचं नाव टाकलं. मग आपल्याकडे परवा केलेल्या गाण्याला नाव टाकायला काय होतं?

आणि बहिणाबाई तर आपल्याच. आसोद्याची लेक, जळगावची सून, १८८० चा जन्म, लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात आणि जात्यावर गाणी करायची. मुलानं, सोपानदेवांनी, ती लिहून ठेवली म्हणून राहिली. १९५१ ला ती गेली आणि १९५२ ला पुस्तक निघालं, आचार्य अत्र्यांनी त्यासाठी पुढाकार घेतला हे सगळ्यांना माहीतच आहे. आज जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव आहे. पण पुस्तकात शब्द येतात, चाल येत नाही. ती कुठं थांबायची, कोणता शब्द ओढायची, जातं फिरवताना दम कुठं घ्यायची, हे कागदावर कसं येणार. नंतर मोठमोठ्या लोकांनी त्या गाण्यांना चाली लावल्या, चांगल्या लावल्या, मी पण कार्यक्रमात लावतो. तरी तिच्या तोंडची चाल ती नव्हे. तेव्हा आसोद्यात रेकॉर्डिंगचं मशीन कुठून येणार होतं, त्याला कोणाचा दोष नाही. आता तर मशीन ज्याच्या त्याच्या खिशात आहे. तरी आज जी बाई किंवा जो पोरगा गाणं करतोय त्याची चाल आपण जाऊ देतो आणि लूप ठेवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

२०११ च्या जनगणनेत खान्देशी (अहिराणी त्यातच मोजतात) आपली भाषा म्हणून सांगणारे १८ लाख ६० हजार लोक आहेत, २००१ ला हाच आकडा २० लाखांच्या वर होता. घरोघरी लोकसंख्या वाढली आणि बोली सांगणारे कमी झाले. कितीतरी जणांनी मराठी लिहून दिलं असेल हे मान्य, पण पोरांशी अहिराणी बोलायची लाज वाटते हे पण खरंच आहे ना. अशा वेळी वीस वर्षांची पोरगी अहिराणीत नवीन गाणं करते, आणि तेही कापूस तोलायच्या काट्यावर, तर तिला डोक्यावर घेऊन नाचायला पाहिजे आपण.

आता हक्काचं. हे मी एका ओळखीच्या वकिलाकडून नीट समजून घेतलंय कारण गाणाऱ्या पोरांना यातलं काहीच माहीत नसतं आणि त्याचाच फायदा घेतला जातो. गाणं लिहिलं, चाल लावली की हक्क त्याच वेळी करणाऱ्याचा होतो, १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. करायची असेल तर सरकारी फी एका रचनेला ५०० रुपये आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी पाहिजे, सही पाहिजे, नुसते पैसे हातावर ठेवले म्हणजे गाणं विकलं असं होत नाही. कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून दुसऱ्या कोणाला देऊनच टाकता येत नाही, कागदावर सही घेतली तरी. ती सोसायटी म्हणजे आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी), तिथं मेंबर होता येतं. आणि हे माझं गाणं आहे असं सांगायचा हक्क गाणं विकल्यावर पण राहतो. हे सगळं अल्बमच्या आधी त्या पोरांना बसवून एकदा अहिराणीत समजावून सांगा, एक पानाचा साधा कागद करा, त्यात लिहा की गाणं त्याचंच राहील, आपण फक्त हे एक रेकॉर्डिंग वापरायची परवानगी घेतोय. बस. आपल्याकडे एक फार वाईट सवय आहे, गावाकडचं गाणं ऐकलं की हे पारंपरिक आहे म्हणून मोकळं व्हायचं. पारंपरिक ते पारंपरिक, आखाजीच्या झोक्यावरची गाणी, गुलाबाईची गाणी, ती सगळ्यांची आहेत. पण ज्याच्यात सीएमव्ही आणि मोबाइलचा रिचार्ज येतो ते गाणं आजीनं केलेलं नाही, ते करणारा समोर उभा आहे, त्याला नाव विचारा.

लाइव्ह म्हटलं की लोकांना वाटतं मोबाइल धरला की झालं. तसं नाही, आणि हे माझं रोजचं काम असल्यामुळे थोडं सविस्तर सांगतो. मंगल कार्यालय घेऊ नका. पत्र्याच्या नाहीतर स्लॅबच्या मोठ्या हॉलमधे आवाज घुमतो, तो नंतर कोणत्याही मशीननं निघत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेचा एखादा मोठा वर्ग किंवा गावातलं लाकडी माळवदाचं देऊळ, खाली गाद्या-सतरंज्या, भिंतीला दोन-चार गोधड्या टांगा, शंभर-सव्वाशे माणूस दाटीनं बसवा. माणसाच्या अंगानं आवाज शोषला जातो. पंखे बंद, म्हणून उन्हाळा नको, आपल्याकडे मे महिन्यात पंखे बंद करून कोण बसेल. पावसात पत्रे वाजतात. संक्रांतीनंतरचे दिवस बरे, कापूस बराचसा घरात आलेला असतो, लोक जरा मोकळे असतात, आणि डफ शेकायला शेकोटी पण पेटलेली असते. डफवाल्यानं शेकून घेतल्यावर दोन-तीन गाण्यांत कातडं परत सैल पडतं, त्यामुळे डफाची गाणी लागोपाठ ठेवू नका, मधे एकट्या गळ्याचं गाणं टाका. डफाचा माइक समोरून न लावता बाजूनं आणि थोडा लांब, नाहीतर शब्द खाऊन टाकतो तो.

गाणाऱ्याला स्टँडवरचा साधा दांड्याचा माइक द्या, हातात नको, घाबरलेला माणूस हातातला माइक हलवत राहतो. मागून धुरपद धरणाऱ्या झीलकऱ्यांना वेगळा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लोकांसाठी दोन माइक, त्यांच्या डोक्याच्या वर, दोन बाजूंना. आपल्या गाण्यात ऐकणारा गप्प बसत नाही, तो धुरपद उचलतो, हां म्हणतो, मधेच भले शाब्बास म्हणतो, ते रेकॉर्ड झालं नाही तर लाइव्ह कशाला करायचं. प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर जाऊ द्या, म्हणजे नंतर कोणाचा आवाज कमी-जास्त करता येतो. जनरेटर लागला तर गल्लीच्या टोकाला उभा करा. प्रत्येकानं गाणं दोनदा म्हणायचं, जे बरं आलं ते घ्यायचं. गाण्याआधी माणूस जे दोन शब्द बोलतो, हे मी कधी केलं, कोणासाठी केलं, ते पण ठेवा, कापू नका. ऑटोट्यून अजिबात नको. बेसूर वाटलं तरी चालेल, पण कोण्या बाईच्या गळ्यातली मधली जागा मशीननं सरळ करू नका, हात जोडून सांगतो.

बोलींचं पण बघा. खान्देश म्हटलं की लोक अहिराणीवर थांबतात, मी पण वर सगळी उदाहरणं बहुतेक तिथलीच दिली कारण माझा वावर तिकडे. पण रावेर-यावल-भुसावळकडची लेवा गणबोली आहे, गुजरी आहे, सातपुड्यात तडवी आणि पावरी, नंदुरबारला भिली, मावची, कोकणा आदिवासींची कोकणी, चाळीसगावकडे तांड्यांवरची गोरबोली. एका अल्बममधे हे सगळं येऊ शकतं, दहा गाण्यांत सहा बोली. त्यासाठी निवडणारे लोक पण त्या त्या बोलीचे पाहिजेत. जळगावात बसून अक्कलकुव्याच्या गाण्याला चांगलं-वाईट ठरवू नये.

पैशाचं विचाराल तर मोठा खर्च नाही. साउंड माझा, रेकॉर्डर माझा, एक रुपया घेणार नाही, आणि माझ्यासारखे अजून दोन-तीन साउंडवाले तयार आहेत, मी विचारून घेतलंय. गाणाऱ्यांना मानधन मात्र पाहिजेच, ते फुकट नको, त्यासाठी गावातले व्यापारी आहेत, सोसायट्या आहेत, मोठे बागाईतदार आहेत, जत्रेच्या कुस्त्यांना जे इनाम लावतात त्यांनी एका गाण्याला लावावं. विद्यापीठाचा युवारंग महोत्सव दरवर्षी होतो, तिन्ही जिल्ह्यांची कॉलेजची पोरं येतात, त्यात स्वतः केलेल्या बोलीतल्या गाण्याचा एक वेगळा प्रकार ठेवला तर निवडीचं अर्धं काम तिथंच होईल. आकाशवाणी जळगावनं यातलं एकेक गाणं करणाऱ्याच्या नावासकट लावलं तर शेतात रेडिओ ऐकणारी म्हातारी माणसं आजही आहेत. सीडी आता कोणी घेत नाही. नेटवर तर टाकाच, पण पेनड्राइव्ह पण काढा, ट्रॅक्टरवाले, पिकअपवाले, केळीच्या ट्रकवाले सगळे पेनड्राइव्हवर ऐकतात आणि एकानं घेतला की पूर्ण गावात कॉपी होतो. होऊ द्या. फक्त प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला गाणाऱ्यानं स्वतःच्या आवाजात नाव-गाव सांगावं, म्हणजे कितीही कॉपी झाली तरी नाव गाण्याच्या पोटातच राहील, कोणाला पुसता येणार नाही. सोबत एक छोटी पुस्तिका, त्यात शब्द पूर्ण, कडवं न गाळता.

तुमच्या पेपरकडून मला दोन गोष्टी पाहिजेत. एक म्हणजे यापुढे अहिराणी गाण्याची बातमी छापाल तेव्हा तुमच्या वार्ताहराला सांगा की लिहिलं कोणी आणि चाल कोणाची हे विचारल्याशिवाय बातमी पाठवू नको. त्याला एक फोन जास्त करावा लागेल, बाकी काही नाही. दुसरी, पुरवणीत महिन्यातून एकदा एक नवीन गाणं छापा, बोलीत जसं आहे तसं, त्याला प्रमाण मराठीची इस्त्री न करता, खाली करणाऱ्याचं नाव. छापलेल्या पेपरचं कात्रण हातात असलं तर उद्या कोणी गाणं ढापलं तरी त्या पोराला दाखवायला तारखेचा पुरावा होतो, वकिलानं मला हे मुद्दाम सांगितलं.

आणि जे कोणी हा कार्यक्रम हातात घेतील त्यांना एक सांगायचं राहिलं. आपण सवयीनं कार्यक्रम रात्री ठेवतो. रात्री ठेवला तर पोरं येतील आणि पोरी येणार नाहीत, घरचे सोडत नाहीत, आणि सोडलं तरी परतीची एसटी नसते. कानबाईच्या जागराला पोरगी रात्रभर गाऊ शकते कारण तिथं माय, काकू, आत्या सगळ्या असतात. तर अल्बमचं रेकॉर्डिंग दुपारी १ ते ५ ठेवा, पोरीसोबत घरची एक बाई आली तर तिचं पण जाण्यायेण्याचं भाडं द्या, तिला पुढे बसवा. झील धरायला तीच लागेल.

आपला,
एक साउंडवाला
ता. पारोळा, जि. जळगाव